मामांचा हात आणि मेंदूतली कुलपं



मागच्या हिवाळ्यात मी आठ दिवस कोलकात्याला, बालीगंजला, माझ्या मामांकडे राहून आले. मामा चाळीस वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. गणपतीत हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास, दुर्गापूजेत एकडालियाचा मंडप आणि रोज सकाळी रवींद्र सरोवराला फेरी, असा त्यांचा नेम. फेरीहून परतताना गरियाहाटला मातीच्या भांड्यातला चहा ठरलेला. त्या छोट्या कुल्हडाला बंगालीत ‘भांड’ म्हणतात.

पहिल्याच सकाळी माझ्या लक्षात आलं की मामांनी ते एवढंसं भांड दोन्ही हातांनी धरलंय. तरीही चहा हिंदकळून शर्टावर सांडला. चालतानाही पावलं लहान पडत होती, हात अंगाला चिकटल्यासारखे. पूर्वी बोलता बोलता भुवया उडवणारे मामा, त्यांचा चेहरा अगदी स्थिर.

“मामा, हात कधीपासून थरथरतोय?”

“अगं, पंच्याहत्तरी आली. आता नाही थरथरणार तर कधी?” मामा म्हणाले. मामीही म्हणाल्या, “वर्षभर असंच चाललंय. वयच झालं ना गं.”

आपल्या सगळ्यांच्या घरात हे वाक्य असतं. विसरायला झालं, वय झालं. पाय जड झाले, वय झालं. कधी कधी ते खरंही असतं. पण मामांच्या बाबतीत ते खरं नव्हतं. काय होतं, ते सांगण्यासाठीच आजचा लेख आहे. त्यासाठी आधी मेंदूतल्या कुलूप-किल्ल्यांची ओळख करून घेऊ. सुरुवात चहापासूनच करू या.

चहाने तरतरी येते म्हणजे काय होतं?

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. गंमत म्हणजे या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. बहुतेक ठिकाणी दोन पेशींच्या मध्ये एक फट असते, साधारण २० नॅनोमीटरची. आपला एक केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

पेशीच्या आत निरोप विजेच्या रूपात धावतो. पण त्या फटीशी आला की वीज बहुधा थांबते. मग पेशी आपल्या टोकाशी थैल्यांमध्ये भरून ठेवलेलं रसायन फटीत सोडते. हे रसायन पलीकडे जातं आणि दुसऱ्या पेशीवरच्या ठरावीक जागी बसतं. रसायनाला म्हणतात न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे निरोप नेणारं. आणि ज्या जागी ते बसतं, ती जागा म्हणजे रिसेप्टर. एक किल्ली, दुसरं कुलूप. किल्ली बसली, फिरली, की पलीकडच्या पेशीला निरोप पोचतो. काम झालं की किल्ली परत उचलून नेली जाते किंवा तिथेच तिचे तुकडे केले जातात, म्हणजे पुढचा निरोप यायला जागा मोकळी.

आता चहा. दिवसभर पेशी काम करतात, ऊर्जा खर्च होते, तसतसं मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या रिसेप्टरवर बसून सांगतं, “पुरे आता, दमलास, झोप.” चहा-कॉफीतलं कॅफिन दिसायला काहीसं अॅडेनोसिनसारखं असतं. ते त्याच कुलपात जाऊन बसतं, पण फिरत नाही. कुलूप अडून राहतं आणि खरी किल्ली बाहेर ताटकळते. म्हणजे चहाने थकवा जात नाही बरं का, थकव्याचा निरोप तेवढा पोचत नाही!

रोज भरपूर चहा पिणाऱ्याचा मेंदूही हुशार असतो. कुलपं सारखी अडवली जातायत म्हटल्यावर तो अॅडेनोसिनची आणखी कुलपं तयार करतो. म्हणून निर्जळी उपासाच्या दिवशी चहा चुकला की डोकं चढतं. आणि कॅफिन अंगातून निम्मं कमी व्हायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणून संध्याकाळी सातचा चहा रात्री बारापर्यंत जागं ठेवतो.

एवढं कळलं तर अर्धा विषय कळला. बरीचशी औषधंही यातलंच काहीतरी करतात. काही किल्लीसारखी वागतात, काही कुलूप अडवून बसतात, काही किल्ली परत नेऊ देत नाहीत.

एकच किल्ली, घरं अनेक

रसायनं निरोप नेतात हे माणसाला कळून अजून फार काळ झालेला नाही. १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्या हृदयाची नस उत्तेजित करून त्याचे ठोके मंद केले. मग त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं. दुसऱ्या हृदयाला कुणी हातही लावला नव्हता, तरी त्याचेही ठोके मंद झाले! म्हणजे नसेने पाण्यात काहीतरी सोडलं होतं. ते रसायन अॅसिटिलकोलिन निघालं. लोवींना १९३६ साली हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

हेच अॅसिटिलकोलिन हृदयाला “हळू” सांगतं आणि हातापायांच्या स्नायूंना “आवळ” सांगतं. निरोप नेणारा एकच, पण पोचतो त्या घरचं कुलूप वेगळं, म्हणून काम वेगळं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, मामांची सगळी कथा तिच्यावरच उभी आहे.

डोपामिनचंही तसंच. मोबाइलवर आपण सारखं वाचतो की डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन. ते अर्धंच खरं आहे. मेंदूच्या एका भागात डोपामिन ‘हे हवंय’ ही ओढ जागी करतं. दुसऱ्या भागात ते हालचाली सुरळीत ठेवतं, पाऊल उचलायला, हात हलवायला, हसायला मदत करतं. आणि मेंदूच्या तळाशी उलटीचं जे केंद्र आहे, तिथे तेच डोपामिन मळमळीचा निरोप देतं.

कोलकात्यातली मुळी

डोपामिनची गोष्ट निघाली की कोलकात्याला विसरून चालत नाही. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे कोकणात, सह्याद्रीत होते, तशी बंगाल-बिहारकडेही होते. तिची मुळी वेड लागलेल्या माणसाला शांत करते, झोप आणते, हे तिकडच्या लोकांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं. बिहारमध्ये तर तिला ‘पागल की दवा’च म्हणत.

१९३१ साली कोलकात्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय मासिकात लिहिलं की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते. पुढे तिथल्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला. मग आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील पुढे आले. त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव १९४९ साली ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं गेलं, त्याचं नाव रिसर्पिन. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण रिसर्पिनने डॉक्टरांना एक कोडंही घातलं. काही रुग्ण या औषधाने खिन्न व्हायचे. काहींचं अंग ताठ व्हायचं, हात थरथरायचे, अगदी पार्किन्सनच्या आजारात होतं तसं.

स्वीडनच्या अरविद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रिसर्पिन दिलं. ससे गोठल्यासारखे बसून राहिले. मग त्यांनी सशांना एल-डोपा दिलं. मेंदूत त्याचं डोपामिन होतं. थोड्या वेळात ससे पुन्हा हिंडू लागले! रिसर्पिन काय करत होतं, तर पेशीतल्या त्या थैल्या भरूच देत नव्हतं. थैलीबाहेर राहिलेलं रसायन नष्ट होत होतं. किल्ल्यांचं कोठार रिकामं, मग निरोप कोण नेणार?

१९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी दाखवलं की पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत, हालचाली सांभाळणाऱ्या भागात, डोपामिन फारच कमी झालेलं असतं. आज पार्किन्सनच्या रुग्णाला एल-डोपाची गोळी दिली जाते, ती या शोधांमुळे. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

मामांच्या घराजवळ बालीगंज सर्क्युलर रोडवर कलकत्ता विद्यापीठाचं विज्ञान महाविद्यालय आहे. तारकनाथ पालित यांनी दिलेल्या जागेवर ते उभं आहे आणि वनस्पतिशास्त्र, जीवरसायनशास्त्र असे विभाग तिथे चालतात. त्याच्या फाटकावरून जाताना मी मामांना ही सर्पगंधेची गोष्ट सांगितली. मामा म्हणाले, “म्हणजे माझाही ससा झालाय म्हण की.”

थट्टेत म्हणाले, पण त्यांचं म्हणणं बरंचसं खरं निघालं.

औषधांची पिशवी

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. मामांना ‘मेशोमशाय’ म्हणत होते, म्हणजे आपल्याकडच्या काकांसारखं. त्यांनी मामांना चालायला लावलं, मनगट फिरवून पाहिलं, कागदावर सही करून घेतली. मग विचारलं, “वास येतो का नीट?”

मामा म्हणाले, “चाळीस वर्षांत इलिश खायला शिकलो नाही, पण शेजारी शिजला की तीन मजले खालून ओळखतो.”

डॉक्टर हसले. वासाचं विचारण्याला कारण होतं. पार्किन्सनच्या बऱ्याच रुग्णांचा वास आधीच कमी झालेला असतो. शिवाय तो आजार बहुधा एका बाजूने सुरू होतो. मामांचे दोन्ही हात जवळजवळ सारखेच थरथरत होते.

“मेशोमशाय, घरातल्या सगळ्या गोळ्या उद्या एका पिशवीत घालून आणा. सगळ्या म्हणजे सगळ्या. डोकेदुखीच्या, पोटाच्या, आयुर्वेदिक, कुणी शेजाऱ्याने दिलेल्यासुद्धा.”

पिशवी टेबलावर रिकामी केली. रक्तदाबाची गोळी, कॅल्शियम, इसबगोल. आणि दोन पाकिटं डॉक्टरांनी बाजूला काढली. एक पित्ताची कॅप्सूल, तिच्यात लेव्होसल्पिराइड होतं. दुसरी चक्कर येऊ नये म्हणून घेतलेली सिनारिझीनची गोळी. दोन्ही कधीतरी थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेल्या. बरं वाटलं म्हणून मामा दुकानातून आणत राहिले आणि दीड वर्ष रोज घेत राहिले. कुणी फसवलं नव्हतं, कुणी चुकीचं लिहून दिलं नव्हतं. थांबायचं तेवढं राहून गेलं.

आता मघाची गोष्ट आठवा. उलटीच्या केंद्रात डोपामिन मळमळीचा निरोप देतं. मळमळ थांबवायची तर तिथलं डोपामिनचं कुलूप अडवायचं. लेव्होसल्पिराइड हेच करतं. सिनारिझीनचं मुख्य काम वेगळं, पण तेही काही प्रमाणात डोपामिनची कुलपं अडवतं. गोळीला मात्र पत्ता कळत नाही. ती मेंदूत पोचली की हालचाली सांभाळणाऱ्या भागातही जाते आणि तिथलीही कुलपं अडवून बसते. मामांच्या मेंदूत डोपामिन होतं, पण ते पोचत नव्हतं. सशांच्या मेंदूत किल्ल्याच नव्हत्या. मामांच्या मेंदूत किल्ल्या होत्या, कुलपं अडलेली होती. बाहेरून दिसायला दोन्ही सारखंच.

याला औषधामुळे होणारा पार्किन्सनिझम म्हणतात. पार्किन्सनसारखी लक्षणं दिसण्याच्या कारणांमध्ये खुद्द पार्किन्सनच्या आजाराखालोखाल याचाच नंबर लागतो. वयस्कर माणसांना याचा धोका जास्त, कारण वयानुसार डोपामिन मुळातच कमी झालेलं असतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझीन, चक्कर किंवा अर्धशिशीवरचं फ्लुनारिझीन यांच्याही बाबतीत हे होऊ शकतं. ही औषधं वाईट नाहीत. सांगितलेल्या मुदतीत ती चांगलं काम करतात.

डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बंद करण्याचं वेळापत्रक लिहून दिलं. पित्तासाठी दुसरं साधं औषध दिलं आणि म्हणाले, “वाट पाहावी लागेल. काही आठवडे, कदाचित काही महिने. काही जणांची थरथर पूर्ण जात नाही. त्यांच्या बाबतीत आत खरा पार्किन्सन दबून बसलेला असतो आणि औषधाने तो उघडा पडतो. तुमचं कोणतं, ते वेळच सांगेल.”

दुसऱ्या आजारांमध्ये काय होतं?

वाचकहो, हीच कुलूप-किल्लीची भाषा घेऊन आणखी काही आजार समजून घेता येतात.

स्किझोफ्रेनियावरची बहुतेक औषधं डोपामिनचं ‘डी-टू’ नावाचं कुलूप अडवतात. तिथे ते अडवणं गरजेचंच असतं. भास थांबतात, माणूस पुन्हा घरच्यांत बसून जेवू लागतो. पण साधारण ८० टक्क्यांहून जास्त कुलपं अडली की अंग ताठरू लागतं. म्हणून डॉक्टर डोस तोलून-मापून ठरवतात आणि मधूनमधून बोलावतात.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात बिघाड कुलपात असतो. शरीराचीच संरक्षक प्रथिनं स्नायूंवरच्या अॅसिटिलकोलिनच्या कुलपांवर हल्ला करतात. सकाळी ठीक असलेल्या पापण्या संध्याकाळी मिटू लागतात, चावताना जबडा थकतो. उपचारात किल्लीचे तुकडे होण्याचा वेग कमी करतात, म्हणजे उरलेल्या कुलपांना किल्ली जास्त वेळ मिळते.

नैराश्याबद्दल मात्र जपून बोलायला हवं. ‘सिरोटोनिन कमी झालं की नैराश्य’ हे फार सोपं करून सांगितलेलं वाक्य आहे. नैराश्यावरची नेहमीची गोळी सिरोटोनिन परत उचललं जाण्याचं काम काही तासांतच अडवते, पण माणसाला बरं वाटायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे फक्त रसायन वाढवून भागत नाही. कुलपं आणि पेशींचं जाळं हळूहळू नव्याने जुळावं लागतं. म्हणून पाच दिवस गोळी घेऊन ‘काही उपयोग नाही’ म्हणू नका आणि बरं वाटलं म्हणून एकदम सोडूही नका.

घरी एवढं करा

१. महिन्यातून एकदा घरातल्या मोठ्या माणसांच्या गोळ्या टेबलावर काढा. प्रत्येक गोळी कशासाठी, कुणी दिली, किती दिवसांसाठी, हे कागदावर लिहा. डॉक्टरांकडे जाताना तो कागद आणि पिशवी, दोन्ही न्या.

२. नवी गोळी मिळाली की एक प्रश्न विचारा: “ही कधी थांबवायची?”

३. नवीन थरथर, मंद झालेली चाल, हरवलेले हावभाव दिसले तर लगेच वयावर ढकलू नका. गेल्या वर्षभरात कोणतं औषध सुरू झालं, ते आधी आठवा.

४. मानसिक आजाराची, फिट्सची, पार्किन्सनची गोळी मनाने बंद करू नका. हा लेख वाचूनही नाही! कुलपं त्या औषधाला सरावलेली असतात. एकदम बंद केल्याने मोठा त्रास होऊ शकतो.

५. सर्पगंधेचं चूर्ण किंवा खाजकुइलीच्या बिया स्वतःच्या मनाने घेऊ नका. सर्पगंधेत रिसर्पिन आहे आणि खाजकुइलीत खरोखरचं एल-डोपा आहे. मुळीतून आलं काय, बीतून आलं काय, औषध ते औषधच. घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि मामा?

दोन महिने काहीच फरक पडला नाही. मामी फोनवर म्हणायच्या, “अगं, आपण उगीच आशा लावून बसलोय का?” तिसऱ्या महिन्यात मामांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. पाचव्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला चिडवताना एक भुवई उडवली, आणि मामी पलीकडे पदराने डोळे पुसताना दिसल्या. थरथर पूर्ण गेली का? नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यात थोडी उरलीये. ती राहणार की जाणार, की आणखी काही निघणार, हे पाहायला डॉक्टर दर सहा महिन्यांनी बोलावतात. मामाही न चुकता जातात, पिशवी घेऊन.

या हिवाळ्यात मी पुन्हा बालीगंजला गेले होते. सरोवराची फेरी झाली, गरियाहाटला चहा घेतला. मामांनी भांड एका हातात धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने ते मला रस्त्यापलीकडचं औषधाचं दुकान दाखवत होते. “तिथूनच आणायचो मी,” म्हणाले, “पाकीट न वाचता.”

वाचकहो, आज घरी गेल्यावर आई-बाबांची, आजी-आजोबांची औषधांची पिशवी उघडा. त्यांच्याशेजारी बसा आणि एकेक पाकीट सोबत वाचा. अर्धा तास लागेल. चहा मात्र संध्याकाळी पाचच्या आत घ्या!

पुन्हा भेटू, पुढच्या लेखात.